तेहतीस कोटी तेहतीस लाख

माझे वडील भूमच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचे सोबती देवळाच्या ओट्यावर राजकारण चघळत बसू लागले. हे मात्र एकाच संख्येच्या मागं लागले. ३३,३३,३३,३३१. आठ वेळा तीन आणि शेवटी एक.

त्याचं असं होतं. ३१ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंच भाग जात नाही. तिच्यापुढं एकेक तीन लावत जा : ३३१, ३३३१, ३३३३१... थेट ३,३३,३३,३३१ पर्यंत सातही संख्या मूळच. नोकरीतल्या उन्हाळी सुट्ट्यांत त्यांनी त्या हातानं भागून तपासल्या होत्या. कॅल्क्युलेटर म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी. आता ही आठवी. दोन वर्षं रोज सकाळी अंघोळ झाली की वही उघडायची. आई कुरकुरली की म्हणायचे, "तेहतीस कोटी देव तुला लखलाभ. मला ही एक संख्या बास."

शाळेनं जुन्या शिक्षकांना शनिवारी बोलावलं होतं. उरलेले थोडे भागाकार तोवर संपवून तिथं मुलांना ही संख्या मूळ म्हणून सांगायची, असं त्यांनी पक्कं केलं होतं. नवा सदराही शिवून आला होता.

मी जवळच्या ईट गावी शिक्षिका आहे. मंगळवारी भूमच्या स्टँडवर एसटीचा पत्ता नव्हता. कंट्रोलरशी भांडून झालं, तरी वेळ उरला. म्हणून एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागं मी ती संख्या भागायला घेतली. वडिलांची वही ३१ नं भागण्यापासून सुरू होते, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात तीसपर्यंतचे पाढे झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. त्या पाढ्यांतल्या कुणाचाच आधीच्या सात संख्यांना भाग गेला नव्हता, मग आठवीला काय जाणार, असं धरून त्यांनी ते सोडूनच दिले होते. मी सतरानं भागत गेले. शेवटी एक्कावन्न राहिले. सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य.

घरी तोंड उघडवेना. सकाळी ते भागत बसलेले असायचे आणि मी शेजारी चहा ठेवून निघायचे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र राहवलं नाही. उद्या चारचौघांत त्यांचं हसं झालं असतं.

"अण्णा, एकदा सतरानं भागून बघा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वही ओढली आणि पाढा पुटपुटत भागलं. शून्याखाली दोन रेघा मारल्या आणि चक्क हसले.

"तोंडपाठ हाय म्हणून सोडलं, अन् तिथंच फसलो बघ. उद्या पोरांना हेच सांगतो. लई कामाचं हाय."

माझा जीव भांड्यात पडला. उगाच तीन दिवस घाबरले, असं वाटलं.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी."

त्यांचं हसू गेलं.

"मंगळवारपासून म्या हितं बसून भागतोय, अन् तू चहा ठिवून जातीस? वर्गात पोरगं चुकलं तर घंटा व्हायची वाट बघितली न्हाय म्या कधी. तिथल्या तिथं सांगितलं. मला काय म्हातारा समजलीस व्हय?"

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. पण समजले होते.