डाव्या अंगाची हाडं

आमच्या घरी चळवळीची पत्रकं छापून यायची आणि आम्ही जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. घडीवरून डाव्या हाताची बोटं दाबून फिरवायची, ही माझी पद्धत. त्या बोटांवर लहानपणीच गाठी आल्या. बाबा आल्यागेल्या कार्यकर्त्यांना माझा हात दाखवत, श्रमाचा हात म्हणत. डावा पाय आखूड पडून मी लंगडू लागले, तेव्हा मोर्च्यांत फार चालली म्हणून, असं घरात ठरलं. मला गाठींचा अभिमानच होता. भाषणात मी त्या उंचावून दाखवल्या आहेत.

यंदा डावी मांडी दुखू लागली. पडले नव्हते, काही लागलं नव्हतं. घरी बैठका चालू होत्या आणि बैठकीच्या दिवसांत आपलं दुखणं काढायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. एकटीच सरकारी दवाखान्यात गेले.

बोटांच्या गाठी पाहून डॉक्टरांनी मांडीबरोबर हाताचाही एक्स-रे सांगितला. तो काढणाऱ्या बाईंनी हात सपाट ठेवायला लावला. "काय वं, बोटं आहेत का हळकुंडं?" मी घड्यांचं सांगितलं, तर त्या हसतच राहिल्या.

डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. बोटांच्या हाडांत काळे बुडबुडे, त्यांत लाह्यांसारखे पांढरे ठिपके. मांडीच्या हाडातही तेच, म्हणून पाय आखूड राहिला. हाड वाढताना कूर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ भाग, आतच राहून गेली, तिच्या या गाठी, ते म्हणाले. कॅन्सर नाही. बहुतेकदा एकाच अंगाला जास्त असतात. आईबापाकडून येत नाहीत, कामानं होत नाहीत. पण न लागता दुखतंय, म्हणजे एखादी बिघडून कॅन्सरकडे वळली असू शकते. एमआरआय करू.

घरी बाबांना सांगितलं.

"म्हणजे कामानं नाही झालं हे?"

"नाही, बाबा."

"मग काहून झालं?"

"असंच."

 प्रत्येक दुखण्याला जबाबदार कोण, हे बाबांनी आजवर शोधून दिलं होतं. इथे ज्याच्याविरुद्ध पत्रक काढावं असं कोणीच नव्हतं. रागावायचं कोणावर, मलाही कळेना. रिपोर्ट येईपर्यंत घरात माझ्या हाताकडे कोणी पाहिलं नाही.

रिपोर्ट घ्यायलाही एकटीच गेले. हाडाची बाहेरची भिंत शाबूत आहे, गाठ बिघडल्याची खूण नाही, डॉक्टर म्हणाले. मात्र दुखणं वाढलं, सूज आली, तर लगेच या. आयुष्यभर लक्ष ठेवायचं.

बाहेर बाकावर बसून मी मांडी दाबून पाहिली. दुखली. कालच्याइतकीच की थोडी जास्त, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्याला ते सांगता आलं नसतं.