एका 'व'ची गुंतवणूक

मी सरकारी पुस्तिका मराठीत आणते. पोटासाठी करते आणि मनापासूनही करते. या दोन गोष्टी एकत्र असल्या की लोकांना संशय येतो. डेंग्यू, सौर पंप, पाण्याची बचत, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. पुस्तिकेवर माझं नाव नसतं आणि ती कोणी वाचत नाही, त्यामुळे माझ्यामुळे आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं.

मग राज्याने क्वांटम तंत्रज्ञानात पैसा घालायचं ठरवलं. संशोधन संस्थांना मदत द्यायची आणि छोट्या कारखानदारांनाही त्यात ओढायचं, असा बेत होता. कारखानदारांसाठी मराठी पुस्तिका हवी होती. क्वांटमला मराठीत पुंज म्हणतात, म्हणून मी जिथे तिथे पुंज लिहिलं. योजनेच्या खात्यातल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, पुंज नको. लोकांना गवताचा वाटेल." मी क्वांटम केलं. त्या बदल्यात एक शब्द मात्र माझा ठेवून घेतला. दोन कण एकमेकांत असे अडकतात की त्यांना कितीही लांब नेलं तरी एकाची स्थिती कळली की दुसऱ्याची कळते. त्याला मी गुंतणूक म्हटलं. जुना, चांगला शब्द आहे.

मजकूर तपासणाऱ्या कोणालातरी ती टायपिंगची चूक वाटली. त्याने एक 'व' घातला आणि संगणकाला सांगून सगळीकडे घातला. पुस्तिका छापून माझ्या माजिवड्याच्या घरी आली तेव्हा त्यात असं वाक्य होतं: "क्वांटम गुंतवणुकीत जोडीदार कितीही दूर असला, तरी एकाचे जे होईल ते दुसऱ्याला तत्क्षणी कळते."

माझं डोकं फिरलं. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पण अर्थ लागतोय ना, मॅडम?" अर्थ लागत होता, हीच तर अडचण होती.

माझा दादा डोंबिवलीला असतो. मानपाड्याजवळच्या एमआयडीसीत त्याची एक शेड आहे, त्यात लेथ मशीन आणि बाकीची जुनी मशीनं. पंपाचे शाफ्ट, बुश, असली कामं तो करतो. कामं आटत चालली होती. ऑनलाइन मालाचा धंदा करणाऱ्या एकाला ती शेड गोडाऊनसाठी भाड्याने हवी होती. वहिनीचं मत होतं की द्यावी, गुडघे दुखतात, आता पुरे. दादा विचार करून सांगतो म्हणाला होता.

एके दुपारी वहिनीचा फोन आला. "अगं, ह्यांनी गोडाऊनवाल्याला नाही सांगून टाकलं. सरकारची क्वांटममध्ये गुंतवणूक येतेय म्हणे. ती पुस्तिका उशाशी घेऊन झोपतात."

मी विचारलं, कुठली पुस्तिका. खरं तर विचारायची गरज नव्हती.

मी डोंबिवलीला गेले. दादा निघायच्या घाईत होता. कारखानदारांच्या हॉलमध्ये याच योजनेची सभा होती. मला गाडीत बसवलं. मी म्हटलं, "दादा, त्या पुस्तिकेत एक चूक आहे."

"एकच? सरकारी आहे गं, चालायचंच." मग तोच बोलत सुटला. "त्यात लिहिलंय, क्वांटममध्ये एक गोष्ट एकाच वेळी चालू पण असते आणि बंद पण. आपली शेड कधीपासून तशीच आहे. आपण ऑलरेडी क्वांटम आहोत." त्याला इतकं खुशीत मी फार दिवसांनी पाहत होते.

सभेत साहेब होते आणि एक तरुण संशोधक होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर दादा पुस्तिका उघडून उभा राहिला. "माझं मोठं गिऱ्हाईक होतं. कंपनी गुजरातला गेली. मी माल घेऊन गेलेलो, तर गेटला कुलूप. कोणी कळवलं नाही. तुम्ही इथे लिहिलंय की जोडीदाराचं जे होईल ते तत्क्षणी कळेल. हे नक्की ना?"

साहेबांनी संशोधक मुलीकडे पाहिलं. ती उठली. "काका, ते कणांबद्दल आहे. ही पैशाची गुंतवणूक नाही."

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी तसंच वाचलं होतं. दादाने दोन पानं उलटली. "मग पैशाची कुठल्या पानावर आहे?"

"ती टप्प्याटप्प्याने येईल," साहेब म्हणाले.

बाहेर वडापाव खाताना मी त्याला सांगून टाकलं की पुस्तिका माझी आहे, 'व' माझा नाही.

"तुझी आहे ते कळलं होतं," तो म्हणाला. "तत्क्षणी दुसरं कोण लिहितं? लहानपणी तुला पाणीसुद्धा तत्क्षणी लागायचं. म्हणून तर भरवसा ठेवला." मला रडू आलं. हातात वडापाव होता, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

गोडाऊनवाल्याने तोवर पलीकडची शेड घेतली होती. त्या संशोधक मुलीने मात्र दादाला गाठलं. तिच्या संस्थेतल्या अतिशय थंड ठेवायच्या यंत्राला तांब्याच्या तबकड्या लागतात, त्या बाहेरून मागवाव्या लागतात, इथे होतील का, असं तिने विचारलं. दादाने एक नमुना करून पाठवला. कळवतो, असं उत्तर आलं. त्यानंतर काही आलं नाही.

परवा मला दुसऱ्या आवृत्तीचं काम मिळालं. या वेळी मी सरळ 'गुंता' लिहिलं आणि दादाला फोन करून सांगितलं.

"हे आधी लिहायचंस ना," तो म्हणाला. "गुंता वाचल्यावर मी गोडाऊनवाल्याला तत्क्षणी हो म्हटलं असतं."

तो चिडलाय की चेष्टा करतोय ते मला कळेना. त्याच्यामागे लेथ मशीनचा आवाज येत होता.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तबकडी. दुसरी."

"म्हणजे ऑर्डर आली?"

"नाही गं," तो म्हणाला. "पण आली तर हात बसलेला हवा."