गोळीचा एक वेढा

जमीन विकून बांधलेल्या आमच्या बंगल्यात एसी होता. पण बाळंतिणीला वारा वर्ज्य, म्हणून तो बंद. खिडक्या बंद, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी. पौडजवळच्या या सासरी सव्वा महिना मी त्या खोलीत शिजत होते. स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकायचं नाही.

लेक मात्र शांत. दिवसभर झोपायची, दूध पिता पिता पेंगायची, रडली तरी घोगरं, मांजराच्या पिलाएवढं. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "लई गुणी हाय गं!" सासूबाई लगेच तीट लावायच्या.

मग दवाखान्यात जन्मल्यावर तिच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नाही, डॉक्टर फोनवर म्हणाले; ती झोप, ते घोगरं रडणं त्यामुळेच. अंगाची, मेंदूची वाढ त्यावरच; सुरुवातीचे आठवडे वाया गेले तर भरून निघत नाहीत. रोज एक गोळी, चुरडून दुधातून. नवऱ्याने गोळ्या आईच्या हाती दिल्या आणि तो हिंजवडीला कामावर पळाला. बाळाचं औषधपाणी हे सासूबाईंचं खातं.

पुन्हा रक्त तपासलं, तर सुधारणा नावालाच. "गोळी देताय ना?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. "रोज," मी म्हणाले. पण मी गोळी कुठे पाहिली होती? भिंतीपलीकडून नुसता सहाणेचा आवाज ऐकला होता. मी लेकीला घेऊन उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"आगं, म्हागं फिर! विटाळ हाय!"

गुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, बदाम, आणि एका कडेने झिजलेली गोळी.

"आत्याबाई, ही रोज अख्खी द्यायची होती."

"येवढ्याशा जिवाला आख्खी? येक वेढा देतीया की रोज. वेखंडाचा बी येकच देत्यात."

मी डबी ओट्यावर आपटली. पण भांडणार कुणाशी? त्या मायेनेच उगाळत होत्या. मी नवी गोळी चमच्यात चुरडली, दूध पिळलं आणि तिथेच ओट्यापाशी बसून लेकीला पाजली.

काही दिवसांनी तिने रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाई धावत आल्या. "काय झालं गं हिला?"

"काही नाही. रडू द्या," मी म्हणाले आणि तिच्याबरोबर मीही रडले.

बारसं झालं, खिडक्या उघडल्या. उगाळण्यात गेलेल्या दिवसांनी काय नेलं, ते ती चालू-बोलू लागल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणतात. सव्वा महिना कधीच सरला. मी अजून बाहेर आलेले नाही.