विनापरवानगी घर

आमच्या घराचा नकाशा मंजुरीसाठी ज्यांच्या टेबलावर पडून आहे, ते बाबू फार कामसू. मी कधीही जावं, ते मोबाइलवरच्या गेममध्ये डोंगर फोडून ठोकळ्यांची गावं वसवत असतात.

"याच्यात हारजीत नाही भाऊ. मनात आलं का बांधून टाकायचं, कोणाले विचारा लागत नाही. तीन साल झाले, पण बोर नाही होत."

"आणि माझी फाईल?"

"काहून घाई करून राहिले? पाहाले टाइम तर भेटला पाहिजे!"

काल त्यांनी आपणहून मोबाइल पुढे केला. तळ्याकाठी टुमदार घर. तीच गच्ची, तोच जिना, गुडघे गेलेल्या आईसाठी काढलेली खालची खोलीसुद्धा.

"जमलं का?"

हुबेहूब जमलं होतं. म्हणजे फाईल त्यांनी बारकाईनं पाहिली होती.