बंदुकीवरचं नाव

माझं शुद्धलेखन चुकतं, आणि अक्षर कधी कधी माझं मलाच लागत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्याला चाळीस वर्षं झाली. चुकलं असेल तिथे माफ करावं. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागून ठेवते. तोंडानं मागायची ती एकदा राहून गेली, आणि पुढं फार जड झाली.

मी गडमुडशिंगीहून बसनं कोल्हापुरात धुण्याभांड्याच्या कामाला येते. राजारामपुरीत एक रिटायर सर आहेत, सर आणि काकू दोघंच. सरांना जुन्या लढाईतल्या बंदुका जमवायचा नाद. बाहेरच्या खोलीच्या दोन भिंती भरल्यात. काही ठासणीच्या, काही तोड्याच्या, म्हणजे बत्ती लावून उडवायच्या. एक गोऱ्या पलटणीतली, तिला संगीन आहे. उडत एकही नाही. तरी पहिले दिवस त्यांच्याकडे पाठ करून मला केर काढवत नव्हता.

काकू हसल्या. "अगं, त्या म्हाताऱ्या झाल्यात, माझ्यागत. भ्यायचं काय त्यात?"

एक दिवस सरांनी एक तोड्याची बंदूक खाली काढली. म्हणाले, "ताई, या लाकडावर हात फिरवा. खळगा लागतो का?"

"व्हय."

"इथं कुणीतरी रोज गाल टेकत होता. वर्षानुवर्षं. त्याशिवाय लाकूड असं झिजत नाही."

माझ्या आईच्या जात्याचा खुंटा असाच झिजून गुळगुळीत झाला होता. आई गेल्यावर मी तो धरून बसायची. त्या दिवसापासून माझी भीती गेली. ती बंदूक मी सगळ्यात शेवटी पुसायची, निवांत. सरांनी सांगून ठेवलं होतं, कोरडं फडकं सोडून काही लावायचं नाही. नळी काळी होती, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी.

चार वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सरांनी तीच बंदूक पुण्याच्या एका गृहस्थांना द्यायची ठरवली. त्यांनाही असाच नाद. त्यांनी वीस हजार इसार दिला, तो दवाखान्यात भरला. दसरा झाला की ते बंदूक न्यायला येणार होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सर आणि काकू नरसोबाच्या वाडीला गेले. जाताना सर म्हणाले, "उद्या पूजेला ती मांडू. आपल्याकडची तिची शेवटची पूजा."

घरात मी एकटीच. आमच्यात नवमीला विळा, कोयता, खुरपं, सगळं चिंचेनं घासून लखलखीत करायचं आणि मग हळदकुंकू लावायचं. मळका विळा पूजेला ठेवला तर माझे वडील ताटावरनं उठायचे. मला वाटलं, हिची शेवटची पूजा, आणि ही अशी काळी जाणार? सरांचं सांगणं मला आठवत होतं. पण ते रोजच्या पुसण्याचं, नवमीचं वेगळं, असं मी मनाशी धरलं.

मोरीत नेऊन चिंच लावली. काळं सुटायला लागलं. नळीच्या मागच्या अंगाला बारीक चरे दिसले. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली लोंबणारी वळणं, मध्ये एक गाठ. मला वाटलं, कुणीतरी खिळ्यानं खरवडून ठेवलंय. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, फौंड्रीत कामाला आहेत, त्यांनी आणलेला पॉलिश पेपर माझ्या पिशवीत होता, तव्यासाठी. तो घेतला आणि चरे जाईपर्यंत घासलं. नळी आरशासारखी झाली. मला आनंद झाला होता, हे पण लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी सर आले. बघितलं आणि खुर्चीत बसले.

दसऱ्यानंतर पुण्याचे पाहुणे आले. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते.

"सर, हे काय करून ठेवलंत?"

"माझ्याकडूनच झालं," सर म्हणाले.

"तुमच्याकडून? तुम्ही तर माणसाला फुंकरसुद्धा मारू देत नाही!" ते नळी खिडकीकडे धरून बघत राहिले. "इथं शिपायाचं नाव असतं कधी कधी. स्वतःच कोरलेलं, गंजाखाली राहतं. होतं का काही?"

"मला दिसलं नव्हतं. असलं तर गेलं आता."

मला दिसलं होतं. जगात फक्त मलाच. माझ्या हातात ट्रे होता, चहावर साय धरली, पण माझं तोंड उघडलं नाही.

पाहुण्यांनी बंदूक नेली नाही. सरांनी बँकेतली ठेव मोडून त्यांचा इसार परत केला.

घरी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पेपर माझा, हात तुझं. निम्मं पाप माझं." इसाराच्या वीस हजारांपोटी सरांना महिन्याला पाचशे द्यायचं ठरलं. सर घेईनात. शेवटी काकूच म्हणाल्या, "घ्या हो. न्हाय घेतलं तर ही लाजंनं काम सोडंल. मग माझी भांडी तुम्ही घासणार काय?"

पैसे द्यायला लागले, पण ते नाव काही पाठ सोडेना. तांब्या घासायला घेतला की चिंचेखालून ती रेघ वर यायची. बसच्या काचेवरच्या धुळीत कुणी बोट ओढलेलं असलं तरी मला तीच वळणं दिसायची. सरांकडे फरशी पुसताना भरदुपारी वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे. रागानं नाही. आपल्याला ओळखणारं माणूस दिसावं आणि त्यानं हाक मारायची वाट बघावी, तसं. मी वळून बघायची. भिंतीवर सगळ्या काळ्या बंदुकांत ती एक पांढरी, उघड्या हाडासारखी. हाक मारावी तर नाव मला वाचता येत नव्हतं.

मग मी या वहीच्या मागच्या पानांवर ते काढायला लागले. कधी गाठ चुकायची, कधी एखादं वळण जास्तीचं व्हायचं. माझा हात असला. पानंच्या पानं भरली.

यंदा खंडेनवमीला सरांनी तीच बंदूक पाटावर मांडली. नळीवर थोडी तांबूस झाक आली आहे. मी चांगलं जमलेलं एक पान फाडून नेलं होतं.

"सर, नाव हुतं. मी बघितलं, आणि मग घासलं. त्या दिवशी बोलले न्हाय. चुकलं माझं."

सरांनी भिंग आणून कागद खिडकीशी नेला.

"ताई, ही मोडी आहे. शेवटी 'जी' असावा. बाकीचं लागत नाही."

"माझं अक्षर खराब हाय सर."

"त्याचंही असंच असेल. शाळेत गेलेला थोडाच होता तो."

त्यांनी तो कागद नळीवर ठेवला, जिथं नाव होतं बरोबर तिथं. काकूंनी आधी बंदुकीला आणि मग कागदाला हळदकुंकू लावलं. मी हात जोडले. नाव घेता आलं नाही. नुसतं 'जी' म्हणाले, मनात.

मागं कुणी उभं आहे असं तेव्हाही वाटलं. मी वळले नाही.

मग पदराची गाठ सोडून शेवटचे पाचशे काकूंच्या हातात दिले. मधले काही महिने चुकले होते, म्हणून चार वर्षं लागली. काकूंनी मोजले नाहीत. "फिटलं गं बाई," म्हणाल्या. वीस हजार पुरे झाले.