परत सांग, कुणामुळे?

काल मार्था मावशीच्या मातीला तिचा सख्खा धाकटा भाऊ आला नाही.

माझ्यामुळे.

म्हणजे लोक असं म्हणतात. मावशीने ऐकलं असतं तर कान धरला असता.

मावशी शाळेत गणिताची बाई. रविवारी आमच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्गही तिचाच. लग्न केलं नाही. आईवडील आणि भाऊ यांचं करण्यातच वय गेलं. तोंडाने फटकळ. आम्ही पोरं तिला टरकायचो आणि तिच्याच पदराला धरून हिंडायचो.

तिचा भाऊ चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा, ख्रिसमसची कॅरल गाणी बसवायचा. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. प्रॅक्टिस संपली की लांबच्या मुलींना तो स्कूटरवरून घरी सोडायचा. कुणाच्याही आईला त्यात काही वाटायचं नाही. उलट बरंच वाटायचं.

सगळ्यांत शेवटी माझं घर.

मी पाचवीत होते. पुढचं इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आईला सांगितलं. आई घाबरली. वाईट बाई नाही हो माझी आई. पण चर्चच्या माणसाविरुद्ध बोलणं हेच तिला पाप वाटायचं. म्हणाली, "शनिवारी कन्फेशन हाय न्हवं? तितं सांग. मन हलकं हुईल."

कन्फेशनमध्ये फादरांपुढे आपली पापं कबूल करतात. म्हणजे माझंच पाप असल्यासारखं.

मी गेले. गुडघे टेकले. जाळीपलीकडे फादर. अडखळत सगळं सांगितलं.

मग फादर म्हणाले, "बाळ, हे तुझं पाप नाही. याला क्षमा लागत नाही. पण इथे ऐकलेलं मला बाहेर कुणालाच सांगता येत नाही. तू बाहेर जा आणि मार्था मावशीला सांग. मग मला ऑफिसमध्ये येऊन परत सांग."

बाहेर मावशी पोरांची रांग सांभाळत बसलेली. कन्फेशनहून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, प्रायश्चित्त म्हणून किती प्रार्थना मिळाल्या? आकडा ऐकून ओळखायची, कुणी किती दिवे लावलेत.

"तुला किती ग?"

"एकपण नाही. फादर म्हणाले, मावशीला सांग."

तिचं हसू गेलं. एकही प्रार्थना न मिळालेलं पोर तिने कधी पाहिलं नव्हतं. रांग एका सिस्टरच्या हवाली केली आणि मला चिंचेखाली घेऊन गेली.

मी सांगितलं. तिने एकच विचारलं, "कोण?"

"मामा."

मला वाटलं, आता ही मला मारणार.

ती खाली मातीकडे बघत बसली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या तिच्या घरी तिने मला भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. मी जेवत होते आणि ती माझ्याकडे पाठ करून रडत होती. आईला तिनेच बोलावून घेतलं.

आई म्हणाली, "मार्थाताई, तुमचाच भाऊ हाय. घरातल्या घरात मिटवा की. पोरीचं नाव खराब हुईल."

"नाव त्याचं खराब व्हायचंय. पोरीचं कशाला?"

त्याच संध्याकाळी फादरांच्या ऑफिसमध्ये मी परत सगळं सांगितलं, आईच्या आणि मावशीच्या मधे बसून. आता त्यांना बोलायला मोकळीक होती. त्यांनी मावशीच्या भावाला तिथल्या तिथे चर्चच्या गाण्याच्या कॉयरमधून काढलं, बिशपांना कळवलं आणि पोलिसांत आमच्याबरोबर आले.

चर्चमधली जुनी मंडळी मावशीच्या दारात आली. चर्चची बदनामी होईल. लोक आधीच टपलेले आहेत. निदान ख्रिसमस तरी होऊ दे की.

"ख्रिसमसची कॅरल कोण बसवणार? तोच न्हवं?"

मावशीने विचारलं. मंडळी आल्या पावली परत गेली.

त्या वर्षी आम्ही कीबोर्डशिवाय गायलो. लई बेसूर. मावशी पहिल्या बाकावर एकटीच बसली होती. तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

भावाला शिक्षा झाली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या मुलींनी काय केलंय? म्हातारी आई त्याच्या बायकोजवळ राहायची. म्हातारी वारली तेव्हा नातेवाइकांनी मावशीला दारातच थांबवलं. जिचं आयुष्यभर केलं त्या आईचं तोंड तिला बघू दिलं नाही.

मावशी मात्र चर्चमध्ये येत राहिली. गाण्याच्या हॉलच्या दाराला आतलं दिसेल अशी काच बसवून घेतली. प्रॅक्टिसला दोन मोठी माणसं असल्याशिवाय कुलूप उघडायची नाही. मुलांना न्यायला घरचंच माणूस. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे कम्युनियनची पवित्र भाकर न्यायची तरी दोघांनी मिळून. लोक म्हणायचे, चर्चचं पोलीस स्टेशन केलंय बाईनं.

"असू दे की," म्हणायची.

मी मोठी झाले, नोकरीसाठी पुण्याला गेले. सुट्टीत भेटायला गेले की कधीतरी माझ्या तोंडून निघायचंच, "मावशी, माझ्यामुळे तुझं घर तुटलं."

मग ती अस्सल गणिताची बाई व्हायची.

"चुकलं. परत सांग. कुणामुळे?"

मी रिकामी बशी फिरवत बसायचे.

"उत्तर येईपर्यंत चहा न्हाय."

शेवटी मी पुटपुटायचे, "त्याच्यामुळे." मग चहा.

काल माती द्यायला मी पुढे झाले. मूठ भरली. मागे एक काकू शेजारणीला म्हणाली, "हिच्यापायी सख्खा भाऊ आला न्हाय बघ."

सवयीने माझी मान खाली गेली होती.

मग मी वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्यामुळे नाही, काकू. त्याच्यामुळे."

आणि मूठ सोडली.

मावशी, पहिल्या फटक्यात बरोबर आलं ग.

आता नीज शांत. येशूच्या घरी तरी शेजारी बसायला कुणी नाही म्हणणार नाही.