तळाचे वायसर

नवरा गेल्यावर वीसेक वर्षं मी डोंबिवलीत घरी बसून रबरचे वायसर साफ केले. शीळफाट्याकडच्या कारखान्यातनं गोणी यायची. साच्यातनं निघालेल्या वायसरच्या कडेला जास्तीचं रबर राहतं, ते ब्लेडने काढायचं. मागनं सूनही बसायला लागली, तेव्हा कारखान्याचं कामाचं कार्ड तिच्या नावावर केलं.

गोणी न्यायला सुपरवायझर यायचा. वरनं, मधनं, तळातनं मिळून शंभर वायसर काढायचा आणि छोट्या काट्यावर टाकायचा. वजन जास्त भरलं तर रबर नीट निघालं नाय, अख्खी गोणी परत. मी एकदा म्हटलं, "आत हजारो हायेत, शंभरावरनं काय कळणार तुला?"

"मावशी, सगळे बघत बसलो तर तुमच्याच दारात म्हातारा होईन. तुमचे चार जाड निघाले तरी सूनबाईचे सांभाळून घेतात. आपण सरासरी बघायची. फक्त माल नीट मिसळलेला पायजे."

मग मला दिसायचं कमी झालं. कुणाला बोलले नाय. बोटांनी चाचपून कापायचे. एके दिवशी काटा जड गेला. त्याने परत शंभर काढले, परत जड. तिसऱ्यांदा पण तेच.

"अजून एक अशी निघाली तर कार्ड बंद," म्हणाला आणि गोणी ठेवून गेला.

सुनेने दोन दिवस बसून सगळे परत कापले. जाड सगळे माझेच, काप बघून तिने ओळखलं.

पुढच्या गोणीला तिने माझे तळाला ओतले, तिचे वर. "आई, तुम्ही गप बसा. हल्ली तो घाईत असतो, वरचेच घेतो."

खरंच त्याने वरचेच घेतले. काटा बरोबर. तो सुतळी बांधायला लागला. मला वाटलं, कारखान्यात गोणी उलटी केली की तळाचे वर येणार. कार्ड तिचं जाणार.

"तळातनं घे," मी म्हटलं. "खालचे माझे हायेत. मला दिसत नाय."

"झालं! बोललात एकदाच्या," सून म्हणाली.

त्याने तळातले शंभर टाकले. जड. ते परत गोणीत ओतले. "कार्ड राहू दे. पण मावशी, आजपासून तुम्ही हात लावू नका."

डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

आता सून एकटी कापते. गोणी भरली की मी आत हात घालून वरखाली करते. एकीचाच माल, मिसळायला काय नसतं. तरी करते.